मदत हवी आहे: पहिल्यांदाच कॅनियनिंगला जातेय, कपडे-बूट काय घालू? (जरा अर्जंट)

रेवा_इंदूर
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी कॅनियनिंगला जायचंय (दरीतल्या ओढ्यातून, धबधबे दोराने उतरत खाली जायचं ते). पहिलीच वेळ. गाइड बरोबर असतात, दोर-हेल्मेट सगळं त्यांचंच, एका दिवसाचा कार्यक्रम. मेसेजमध्ये फक्त 'कम्फर्टेबल कपडे आणि ग्रिपवाले शूज' एवढंच लिहिलंय. माझ्याकडे जॉगिंगचे बूट आहेत, तळ थोडा घासलाय. चालतील का? आणि जीन्स की लेगिंग? उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरायचेत, तेव्हा पटापट सांगा. 'जाऊच नका' वाले प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळालेत.

अण्णा_रामबाग
जाऊच नका.

सह्यधार
कुठे जाताय? इंदूरजवळ की आमच्याकडे सह्याद्रीत? सांदण दरीत जाताय की धबधब्यात? त्याशिवाय बुटांचं काय सांगणार?

छप्पनचा_राजा
जीन्स नको ताई. ओली जीन्स म्हणजे अंगावर दोन किलोची शिक्षा. बाकी सराफ्यात रात्री अकराला भेटा, सविस्तर सांगतो.

रेवा_इंदूर
@सह्यधार कसाऱ्याच्या बाजूला आहे, विहीगावच्या आसपास. नक्की नाव आत्येबहिणीला माहीत, ती पुण्याहून येतेय. मी शुक्रवारी रात्री बसने नाशिकला, तिथून पुढे त्यांची गाडी. बूट??

सह्यधार
विहीगावचा धबधबा असेल तर ते कॅनियनिंग नव्हे, वॉटरफॉल रॅपलिंग. साधारण १२० फूट दोराने एकदा उतरायचं, बाजूच्या वाटेने वर यायचं, वडापाव खायचा, घरी. हल्ली सगळेच त्याला कॅनियनिंग म्हणून विकतात. दर जास्त लावता येतो ना.

दोरखंड
नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही, पण फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. एकाच धबधब्यावर नको वाटलं तर माघार घेता येते. खऱ्या कॅनियनिंगमध्ये ओढ्याबरोबर खाली खाली जायचं असतं: एक कडा दोराने, मग डोहातून पोहत, मग उडी, मग घसरगुंडी, पुन्हा कडा. पहिल्या कड्यावरून सगळे उतरले की गाइड दोर खाली ओढून घेतो, पुढच्या कड्याला तोच लागतो. त्या क्षणी परतीची वाट बंद. मग दरी जिथे संपते तिथूनच बाहेर. रेवाताई, कार्यक्रमात नक्की काय काय आहे ते इथे टाका, मग बोलू.

रेवा_इंदूर
हे घ्या, मेसेज जसाच्या तसा: 'तीन धबधबे, दोन जंप, एक नॅचरल स्लाइड, शेवटी दीड तास ओढ्यातून चाल. बिगिनर्स वेलकम. मेंबर्सने वेळ पाळावी.' बस. आता सांगाल का बूट?

दोरखंड
मग हे कॅनियनिंगच आहे. आणि जुलैच्या शेवटच्या शनिवारी. पोहता येतं का?

मिहिर_पुणे
मी तर फ्लोटर्सवर सगळा सह्याद्री पालथा घातलाय. उगाच महागडे बूट घेऊ नका.

सह्यधार
@मिहिर फ्लोटर्समध्ये दर दहा पावलांनी खडा शिरतो आणि ओढ्यात पट्टा निघाला की चप्पल वाहून जाते, मग अनवाणी बसा. रेवाताई, घासलेल्या तळाचे जॉगिंग शूज अजिबात नको. ओल्या कातळावरच्या शेवाळावर ते साबणासारखे सरकतात. मऊ रबराचा तळ, खोल नक्षी, घोटा झाकणारे, नाडीवाले. आमच्याकडचे निम्मे ट्रेकर अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट वापरतात, स्वस्त आहेत आणि खडकाला धरतात. नवेकोरे घालून जाऊ नका, आधी चार दिवस घरात वापरा. गमबूट तर नकोच, पाणी भरलं की पाय उचलत नाही.

मिहिर_पुणे
तुमचा अनुभव तुमच्यापाशी. मला कधी काही झालं नाही.

अण्णा_रामबाग
'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्यांसाठीच इंदूरजवळचा पातालपाणीचा धबधबा आहे. आम्ही इंदूरकर २०११ चा जुलै विसरलेलो नाही. सहलीला गेलेली माणसं पाण्याच्या मधोमध खडकावर उभी, बघता बघता पाणी वाढलं आणि सगळ्यांच्या देखत वाहून गेली. काठावर माणसं होती, कुणाला काही करता आलं नाही. त्यापेक्षा पातालपाणी ते कालाकुंड छोट्या रेल्वेत बसा, घाट बघा, स्टेशनवर कलाकंद घ्या आणि संध्याकाळी घरी. तेवढं साहस पुष्कळ झालं.

छप्पनचा_राजा
अण्णा, कालाकुंडच्या कलाकंदाला +१. पळसाच्या पानात देतात तो!! 🙏

रेवा_इंदूर
अण्णाकाका, तुमचं मन कळतंय, पण मी कलाकंदाचं विचारलं नव्हतं. बूट कळले, धन्यवाद @सह्यधार. पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट देतात ना. चष्मा आहे, उणे साडेपाच. लेन्स घालू का?

दृष्टी_आणि_बरंच_काही
लेन्स नको. ओढ्या-नाल्याच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला असा संसर्ग करतो की महिनोन् महिने औषधं चालतात, कधी नजरही जाते. चष्माच घाला, मागून इलॅस्टिकचा पट्टा लावून. खेळाच्या दुकानात सहज मिळतो. जुना चष्मा असेल तर तोच घाला, नवा वाहून गेला तर भुर्दंड.

मिहिर_पुणे
व्हिडिओसाठी अ‍ॅक्शन कॅमेरा हेल्मेटवर लावा, छातीवर नको, छातीवर लावला की फक्त दोर दिसतो.

सह्यधार
हे कुणी विचारलं? आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या हेल्मेटवर कॅमेरा नकोच. कुठेतरी अडकतो.

दोरखंड
सह्यधारशी सहमत. अडकण्यावरून सांगतो, कपड्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. दोरावरून उतरताना कमरेपाशी आठाच्या आकड्यासारखं लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं यंत्र असतं, दोर त्यातून सरकतो. एकदा एका मुलीची ओढणी, कमरेला गुंडाळलेली, त्या आठात खेचली गेली. दोर पुढे सरकेना, मागे येईना. वरून पाण्याची धार थेट खांद्यावर. तिच्या तोंडावर हेल्मेटची कड आणि पाणी, शब्द फुटेना. वरच्या गाइडने दोर खडकाला पक्का न बांधता सोडता येईल असा लावला होता, म्हणून त्याने तिला दोरासकट हळूहळू खालच्या डोहात सोडली. मिनिटभराचं काम. पक्का बांधलेला असता तर कुणालातरी वरून खाली उतरून तिच्यापर्यंत जावं लागलं असतं, आणि तोवर ती धारेखालीच.

म्हणून: ओढणी, लोंबते बंद, मोकळी वेणी, अंगठी, सगळं घरी. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत किंवा टी-शर्टच्या आत. लेगिंगवर गुडघ्यापर्यंतची चड्डी, नाहीतर घसरगुंडीवर लेगिंग फाटते आणि मग पुढचा दीड तास शरमेत जातो. पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट. सुती नको, ओलं सुती अंगाची ऊब शोषतं आणि वाळत नाही. आल्प्समध्ये पाच मिलीमीटरचा निओप्रीनचा (ऊब धरणाऱ्या रबराचा) सूट देतात, आपल्याकडे सहसा देत नाहीत, पण पावसात तीन-चार तास भिजल्यावर सह्याद्रीतही हुडहुडी भरते. कोरडे कपडे गाडीत ठेवा.

सह्यधार
आणि दोराच्या शेवटी गाठ मारलीय का ते उतरण्याआधी विचारा. नाहीतर टोक संपलं की तुम्ही पण संपला.

दोरखंड
हे कोरड्या कड्यावर बरोबर, पाण्यात नेमकं उलटं. खाली वाहता डोह असेल तर टोकाला गाठ मारत नाहीत. गाठ यंत्रात अडकली तर माणूस पाण्याच्या जोरात तसाच बांधलेला राहतो. दोराची लांबी मोजून पाण्याच्या पातळीपर्यंतच ठेवतात, म्हणजे माणूस टोकावरून आपोआप सुटून डोहात पडतो.

सह्यधार
तीस फुटांवरून 'आपोआप सुटून' का? इतकी वर्षं लोकांना उतरवतोय, गाठ नसलेला दोर मी टाकत नाही.

दोरखंड
तीस फुटांवरून नाही हो, पाण्याला टेकल्यावर. लांबी मोजून सोडतात म्हणालो ना. सांदणच्या कोरड्या कातळावर तुमची गाठ बरोबरच. फेसाळ पाण्यात माझी पद्धत बरोबर.

संपादक
दोघांनीही दोर जरा ढिला सोडावा. धाग्याचं काश्मीर नको.

रेवा_इंदूर
आता मला खरंच भीती वाटायला लागली. एक सांगायचं राहिलं, माझा भाचापण येतोय. चौदा वर्षांचा. त्याला पोहता येतं, नेहरू पार्कच्या तलावात शिकलाय.

अण्णा_रामबाग
हे तुम्ही आत्ता सांगताय?!

सह्यधार
तलावातलं पोहणं आणि धबधब्याखालचं पाणी यात फरक आहे. धार पडते तिथे पाण्यात हवा मिसळून सगळा फेस असतो, त्या फेसात माणूस तितका तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही खाली जातो. म्हणून लाइफ जॅकेट दोघांनाही, आणि खांद्याचे पट्टे ओढून. ते वर सरकून कानापर्यंत आलं तर जॅकेट असून नसल्यासारखं.

मिहिर_पुणे
चौदाची मुलं सगळ्यात हुशार असतात. तुम्हीच घाबराल, तो नाही घाबरणार.

दोरखंड
मिहिर, तेच तर. न घाबरणारा मुलगा गाइडने सांगायच्या आत उडी मारतो. दर पावसात डोहातले दगड हलतात, गेल्या महिन्यात खोल असलेली जागा आज खोल असेलच असं नाही. उडीआधी गाइडने स्वतः पाण्यात उतरून खोली बघायची असते, प्रत्येक वेळी. उडी पाय जुळवून, हात छातीवर, कधीच डोकं खाली करून नाही. भाच्याला हे आत्ताच बजावा.

रेवाताई, पैसे भरायच्या आधी आयोजकाला फोन करा. मेसेज नको, फोन. दोर सोडता येईल असा लावता का? माझ्यासारख्या नवख्याला वरून दुसऱ्या दोराने धरून ठेवणार का, की एकाच दोरावर? किती जणांमागे किती गाइड? मधून बाहेर पडायची वाट कुठे कुठे आहे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: वरच्या डोंगरात पाऊस पडत असेल तर कार्यक्रम रद्द करणार का, आणि ते कोण ठरवणार?

हा शेवटचा प्रश्न मी उगाच मोठा करत नाहीये. २७ जुलै १९९९ ला स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटेनबाख ओढ्यात कॅनियनिंगला गेलेली २१ माणसं दगावली, त्यात तीन गाइड होते. वर डोंगरात वादळी पाऊस झाला आणि अरुंद दरीत पाण्याची भिंतच आली. दरीत असताना डोक्यावर आभाळाची एक पट्टी दिसते फक्त, वर काय शिजतंय ते कळत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली की बाहेर पडायची वेळ झालेली असते.

सह्यधार
इथे मात्र दोरखंडना शंभर टक्के पाठिंबा. आणि एक जोडतो. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं सरकारी धोरण आहे, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का विचारा. 'आम्ही ग्रुप आहोत, कंपनी नाही' असं उत्तर आलं तर समजून घ्या. खरं म्हणजे सह्याद्रीत कॅनियनिंग करणारे जाणते लोक पाऊस ओसरल्यावर जातात, ऑक्टोबरपासून पुढे. पाणी असतं, पण ते काबूत असतं. जुलैत जातो तो गर्दीसाठी जातो.

छप्पनचा_राजा
जुलैत मांडवला जा भिया, राणी रूपमतीचा महाल, ढग खाली, आपण वर. ना दोर ना हेल्मेट. येताना दाल-पानिये.

अण्णा_रामबाग
पहिला शहाणा प्रतिसाद.

रेवा_इंदूर
केला फोन. गाइड तीन, माणसं बावीस. दुसऱ्या दोराचं विचारलं तर म्हणाला, 'खालून एक जण दोर ओढून ब्रेक लावतो, काही होत नाही.' पावसाचं विचारलं तर म्हणाला, 'ताई, पाऊस असला तरच मजा.' नोंदणीचं विचारल्यावर 'तुम्ही मीडियातल्या आहात का?'

सह्यधार
😂 झालं की मग.

दोरखंड
खालून ओढून ब्रेक लावणं ही खरी पद्धत आहे, चूक नाही. पण तो माणूस धबधब्याच्या बाजूला उभा राहून तुम्हाला बघू शकत असेल तरच. बावीस माणसांत तो प्रत्येक वेळी तिथे असेल? आणि सात जणांमागे एक गाइड, त्यात निम्मे पहिल्यांदा येणारे. मी नसतो गेलो.

रेवा_इंदूर
पैसे नाही भरले. आत्येबहीण चिडलीय, तिने तिचे भरलेत आणि परत मिळत नाहीत म्हणे. भाचा तर कालपासून बोलतच नाही. सह्यधार, ऑक्टोबरातल्या एखाद्या नीट बॅचची माहिती व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? लहान गट असेल तर बरं. तोवर मी पाण्यात तरंगायला तरी शिकते.

सह्यधार
व्यनि केलाय. पोहणं नको, नुसतं लाइफ जॅकेट घालून पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून तरंगायचा सराव करा. ओढ्यात तेवढंच कामाला येतं.

छप्पनचा_राजा
बसचं काय ठरवलं? रात्रीच्या गाड्या सेंधव्याला थांबतात. मला तिथला चहा आवडतो, लोकांना नाही आवडत.

मिहिर_पुणे
सेंधव्याला नाही, हल्ली पुढे थांबतात, शिरपूरला.

दोरखंड
रेवाताई, भाच्याला नेणार असाल तर त्याचं वजन किती आणि अंगाने बारीक आहे का? बारीक मुलांना कमरेला नितंबाचा आधार नसतो, नुसता कमरेचा हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा) उलटं झाल्यावर खाली सरकू शकतो. नव्या आयोजकाला छातीचा पट्टा किंवा पूर्ण अंगाचा लहान मापाचा हार्नेस आहे का ते आधी विचारा, आणि तिथे गेल्यावर कड्यावर नाही, गाडीपाशीच घालून बघा.

रेवा_इंदूर
३८ किलो, काटकुळा आहे. विचारते आणि कळवते.