डम्बोकडे पाठ करणाऱ्या त्या चौघी – तुमचे अनुभव सांगा

परवा लेकीला (वय ५) डम्बो लावून दिला, म्हणजे सर्कशीतल्या मोठ्या कानांच्या हत्तीच्या पिल्लाचा तो डिस्नीचा कार्टून सिनेमा. मी लहानपणी बघितलेला, पण कान, उंदीर आणि उडणं एवढंच लक्षात राहिलेलं. १९४१ चा सिनेमा, जेमतेम ६४ मिनिटांचा, म्हटलं जेवणाआधी होऊन जाईल. कसलं काय, मधेच लेक उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ह्यांना सांग ना सरका म्हणून."

सीन असा की आईला कोंडून ठेवलंय, पिल्लू एकटं पडलंय, बाकीच्या हत्तिणी घोळका करून गवत खातायत. ते त्यांच्याकडे येतं तर त्या चौघी एकमेकींना चिकटतात आणि त्याच्याकडे पाठ करतात. बास. मारत नाहीत, हाकलत नाहीत, नुसती राखाडी पाठींची भिंत. ह्याच बायका पिल्लू आलं तेव्हा किती गोड किती गोड करत होत्या, शिंक येऊन कान उलगडेपर्यंत. त्याचं खरं नाव जम्बो ज्युनियर. डम्बो हे ह्यांनीच चिडवून ठेवलेलं, आणि आपण सगळे आजवर तेच म्हणतोय हे मला ह्या वयात लक्षात आलं.

चाबूकवाल्या रिंगमास्टरपेक्षा मला ह्यांचा जास्त राग आला, कारण तो परका आहे, ह्या घरातल्या आहेत. लेकीला काय सांगायचं ते सुचलं नाही म्हणून इथे विचारतेय. तुमच्याकडे अशी पाठ कोणी केली, किंवा तुम्ही कोणाकडे केलीत, मोकळेपणी लिहा.

*

मला शाळेत सुपकान्या म्हणायचे. माकडटोपीत कान दबतात म्हणून मी ती मार्चमधेसुद्धा घालून जायचो, घामाने डोकं भिजायचं तरी काढायचो नाही. सिनेमात डम्बोचे कान ओढणारा तो पोरगा आहे ना, त्याचे स्वतःचे कान बघा एकदा, चांगले बाहेर आलेले मोठे कान आहेत. आमच्या वर्गात मला सगळ्यात जास्त चिडवणारा मुलगा तोतरा होता. ज्या दिवशी माझ्यावर हसून व्हायचं त्या दिवशी त्याची सुटका. हे तेव्हा कळलं असतं तर त्याच्याशी दोस्तीच केली असती.

*

मी ६८ वर्षांची आहे, नातवाबरोबर बघितला. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, मी त्या चौघींतली आहे. आमच्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा वरचा ओठ फाटलेला जन्माला आला. बारशाला सगळ्याजणी पाळण्याभोवती, आणि मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, ग्रहणात विळीवर बसली असणार ही. आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. तिने पाळण्यातलं बाळ उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. बाहेर आम्ही घुगऱ्या वाटून घेतल्या.

सिनेमात आई पिल्लाला त्याच्याच कानांत दुलईसारखं गुंडाळते, तिथे मला जाऊचा पदर आठवला. ऑपरेशन होईपर्यंत कुठेही गेली तरी बाळाचं तोंड पदराखाली. आता तो मुलगा चाळिशीचा आहे, दिवाळीला येऊन पाया पडतो, काकू म्हणतो. पण तिला मी आजतागायत एकदाही म्हटलेलं नाही की माझं चुकलं.

*

काकू, आजच फोन करा त्यांना. प्लीज.

*

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीच्या प्रोफाइलवर हा सिनेमा सापडेना, मग कळलं की २०२१ मधे डिस्नी प्लसने तो लहान मुलांच्या प्रोफाइलवरून काढलाय, कावळ्यांमुळे. कृष्णवर्णीय लोकांची नक्कल करून ते कावळे काढलेत. त्यातल्या मुख्य कावळ्याचं मूळ नाव जिम क्रो, म्हणजे इथल्या वर्णभेदी कायद्यांना जे नाव होतं तेच, आणि आवाज एका गोऱ्या नटाचा. रात्री पावसात तंबू ठोकणारे मजूर बघा, काळे दाखवलेत आणि त्यांना चेहरेच काढलेले नाहीत. मला हे खूप लागलं, कारण एका पिल्लाला बाहेर टाकलं म्हणून आपल्याला रडवणारा सिनेमा हा, आणि तोच ह्या माणसांना चेहरासुद्धा देत नाही. आणि बघा ना, टिमथी उंदराने सगळी हकीकत सांगितल्यावर ज्यांना डम्बोची दया येते, जे त्याला उडायचा धीर यावा म्हणून ते 'जादूचं' पीस देतात, ते कावळेच. मी मुलीला शेजारी बसवून दाखवला, दर दहा मिनिटांनी थांबवत, पूर्ण व्हायला दोन संध्याकाळी लागल्या.

*

हत्तिणी शपथ घेतात ना की हा यापुढे हत्तीच नाही, ते वाळीत टाकणंच आहे. माझ्या आजोबांना पंचांनी टाकलं होतं. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला भावकीतलं कोणी आलं नाही, दोन मुलं आणि शेजारगावचे दोघे. वाळीत टाकण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ ला मंजूर झाला, तोवर आजोबाही नव्हते.

*

माझा मुलगा चार वर्षांचा आहे, बोलत नाही. डम्बो अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. माझा जागेवर न बसणारा मुलगा त्याच्यासाठी शेवटपर्यंत बसला.

आमच्या मजल्यावर वाढदिवस झाला की बाकी तिन्ही दारांच्या हँडलला रिटर्न गिफ्टच्या पिशव्या लटकलेल्या असतात, आमच्या नाही. एकदा जाऊन विचारलं, आवाज चढला, तेव्हापासून मी भांडकुदळ. डम्बोच्या आईनेही पिल्लाला छळणाऱ्या पोराला सोंडेने बदडलं तर वेडी हत्तीण म्हणून पाटी लावून तिलाच कोंडली. पायात साखळी, पिल्लू दिसतही नाही, गजांतून नुसती सोंड बाहेर काढून चाचपडते आणि सापडल्यावर त्याच सोंडेवर त्याला झोका देते. तिथे माझ्या मुलाने माझा हात ओढून घेतला, त्यावर गाल ठेवला, आणि गाणं संपलं तरी सोडला नाही.

*

वर लिहिलेली ६८ वर्षांची मीच. फोन केला. दोन मिनिटं ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, ती विळी मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली होती. अजून तिथेच आहे."