ख्रिस्ती धर्माचा गाभा म्हणजे देवाची उपकारस्तुती, त्याचे आभार मानणं. पटतं का?

दिवाबत्ती
त्रैक्य, प्रायश्चित्त, पूर्वनियोजन अशा सिद्धांतांवरचे वाद मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते सगळं बाजूला ठेवलं तर हाती काय उरतं? माझ्या मते देवाची उपकारस्तुती. विश्वास, उपासना, शेजाऱ्यावरची प्रीती, सगळं तिच्यातूनच फुटतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. परत येऊन त्याच्या पाया पडतो तो एकटाच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. 'नऊ जण कोठे आहेत?' हा येशूचा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. कातडी दहाही जणांची शुद्ध झाली, पण 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' हे शब्द एकाच्याच वाट्याला आले. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं, जुनं ग्रीक नावसुद्धा 'युखारिस्तिया', म्हणजे आभार मानणं. धरून दिला जाणार त्या रात्री येशूने भाकर हातात घेतली आणि मोडण्याआधी आभार मानले. याहून साधा धर्म मला माहीत नाही.

पाऊलवाट
लगेच पुढचा, १८वा अध्याय उघडा. येशूच्या दृष्टांतात मंदिरात दोघे प्रार्थनेला येतात. 'मी तुझे आभार मानतो' असं कोण म्हणतो? परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा! लोकांनी पापी ठरवलेला जकातदार लांब उभा राहतो, डोळे वर करायची त्याची हिंमत होत नाही, ऊर बडवत तो फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. मग गाभा कृपेचा झाला, आभारांचा कसा? भरल्या पोटी मानलेले आभार म्हणजे बऱ्याचदा स्वतःच्या नशिबाचं कौतुक असतं.

दिवाबत्ती
परूश्याचे शब्द पुन्हा वाचा. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, म्हणजे यादी सगळी स्वतःच्या कामगिरीची. देवाकडून काही मिळालं असं त्यात एकही वाक्य नाही. कृतज्ञ म्हणजे दुसऱ्याने केलेलं जाणणारा. त्याला जाण होती ती फक्त स्वतः केलेल्याची.

निळी शाई
मला यात पडायचं नव्हतं, पण राहवत नाही. माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी आईला सांगितलं, 'प्रत्येक गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे असतात.' आईच्या मांडीवर त्याचा शर्ट होता. ती काही बोलली नाही. शर्टाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. पुढे कित्येक महिने ती प्रार्थनेला बसायची, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही.

बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचा. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' आहे, त्यानंतर काहीच नाही. आणि क्रुसावर येशू 'तू माझा त्याग का केलास?' असं विचारतो. तिथे उपकारस्तुती कुठे आहे?

दिवाबत्ती
त्या बाईंनी जे केलं ते क्रूर होतं. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो ते 'सर्व स्थितीत' आभार माना असं. आलेल्या प्रत्येक संकटाबद्दल आभार माना, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि क्रुसावरचे ते शब्द २२व्या स्तोत्राचे आहेत. ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळतं.

निळी शाई
वळतं, पण २१ वचनं आक्रोश केल्यावर. ती वचनं ओलांडायची घाई कोणी करू नये, एवढंच.

पाऊलवाट
शिवाय बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात, ५:२० मध्ये, 'सर्व गोष्टींबद्दल' असंच आहे. ते कसं टाळणार?

दिवाबत्ती
टाळत नाही. ते वचन मला जड जातं, हे कबूल करते. पण आभार ज्याने त्याने मानायचे असतात, दुसऱ्याच्या दारात जाऊन वसूल करायचे नसतात. त्या घरात मी ते वचन उच्चारलं नसतं.

जुनं पान
एक भर घालतो. प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत : माणसाची दैना, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा तिसऱ्या भागात आहेत. देवाला खूश करण्यासाठी आज्ञा पाळायच्या नाहीत, सुटका आधीच झाली आहे म्हणून पाळायच्या. प्रार्थनेलाही तिथे कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हटलंय. दिवाबत्तींचं म्हणणं काही आजचं नाही.

पाऊलवाट
पण क्रम बघा ना. कृतज्ञता तिसरी! आधी दैना, मग सुटका. मुळाशी कृपाच आहे, आभार हे तिचं फळ. फळाला गाभा म्हणू नका.

दिवाबत्ती
कृपा देवाची बाजू आहे, ती मी निर्माण करू शकत नाही. मी बोलतेय ते माणसाच्या बाजूबद्दल. आपल्याकडून द्यायला दुसरं आहे काय?

निळी शाई
गेल्या वर्षी आईच्या प्रार्थनेत 'आभार' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. भाऊ गेला त्याबद्दल नव्हे, तर तो आमच्यात २६ वर्षं होता, त्याबद्दल. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ८८वं स्तोत्र ती अजूनही वाचते.