साखळी–पणजी रोजची ये-जा: हायब्रिड घ्यावी की साधी पेट्रोल ऑटोमॅटिक?

साखळी ते पाटो

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायचं नक्की झालंय, पण हायब्रिडपाशी येऊन गाडं अडलंय. शोरूमवाल्यांचं ऐकून झालं, आता चालवणाऱ्यांचं ऐकायचंय.

माझा रस्ता सांगते, कारण सगळं त्यावरच ठरणार. साखळी, आमोण्याचा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे आणि पणजीत पाटो. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर. आमोण्यापर्यंत खनिजाचे ट्रक पुढ्यात लागतात, मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं. पुढे गावागावांतले स्पीड ब्रेकर, आणि संध्याकाळी पणजीतून बाहेर पडताना एकेक फूट पुढे सरकणं. महिन्याचं रनिंग पंधराशेच्या आसपास. शिवाय आईला अधूनमधून बेळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, चोर्ला घाटाने. डावा गुडघा क्लचला कंटाळलाय, त्यामुळे ऑटोमॅटिक हवीच.

नजरेत दोन गाड्या आहेत, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा. आतून दोन्हींचं यंत्र एकच: 1.5 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, जोडीला मोटर आणि 0.76 युनिटची लिथियम बॅटरी. कंपनीचा दावा लिटरला 27.97 किलोमीटरचा. याच गाड्या माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकमध्येही मिळतात, म्हणजे जवळपास साधी पेट्रोलच, छोट्या मोटरची थोडी मदत असलेली. माझ्या हातातल्या कोटेशनमध्ये पूर्ण हायब्रिड आणि या माइल्डमध्ये अडीच लाखांचा फरक आहे. होंडा सिटी हायब्रिडही पाहिली. गाडी फार छान, पण इतकं खाली वाकून बसणं आईला जमत नाही. इलेक्ट्रिकचा विचार केला होता. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला सोसायटी तयार नाही.

टेस्ट ड्राइव्हला गाडी मनात भरली. गर्दीत इंजिन बंदच असतं, एसी चालू राहतो आणि गाडी आवाज न करता सरकते. दिवसभर ऑफिसात डोकं शिणल्यावर ही शांतता मला खरोखर हवी आहे. चढावर दाबली तेव्हा मात्र इंजिन एकदम ओरडायला लागलं, वेग वाढला त्या मानाने आवाजच जास्त. आणि डिकी! बॅटरी तळाशी असल्याने फ्लोअर वर आलाय. घरची मोठी बॅग सोबत नेली होती. ती उभी राहिली नाही, आडवी टाकल्यावर शेजारी जेमतेम भाजीची पिशवी मावली. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणि चार माणसं घेऊन वाळपईच्या घरी जाणाऱ्यांनी काय करायचं?

तर अडीच लाख वसूल होतात का? आणि पावसाळ्यात, घाटात, आठ-दहा वर्षांनंतर ही गाडी कशी वागते?

म्हापसा–वेर्णा

ताई, माझ्याकडे हायब्रिड आहे, म्हापशाहून वेर्ण्याला रोज जातो. आधी आकडे. फुल टाकी ते फुल टाकी हिशेब केला की मला 20 ते 23 पडतं. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात अडकलो की उलट जास्त पडतं, कारण तिथे इंजिन क्वचितच लागतं. अटल सेतू आणि पुढे झुआरीच्या नव्या पुलावरून नव्वद-शंभरने निघालो की कमी होतं. लोक उलटं धरून चालतात. हायब्रिडची कमाई ब्रेकमध्ये आहे. ब्रेक मारताना जी ऊर्जा वाया जाते ती बॅटरीत जाते आणि सुटताना परत मिळते. सरळ हायवेला ब्रेकच नाही, मग वाचणार काय? तुमचा रस्ता ट्रकांचा, स्पीड ब्रेकरचा आणि पणजीच्या गर्दीचा. हायब्रिडला याहून चांगला रस्ता नाही.

आता तुमचा हिशेब. महिना पंधराशे म्हणजे वर्षाला 18,000 किलोमीटर. माइल्ड ऑटोमॅटिकला तुमच्या रस्त्यावर 14 धरा, हायब्रिडला 21. एकीला साधारण 1,286 लिटर, दुसरीला 857. वर्षाला 429 लिटर वाचले. लिटर 96 रुपये धरला तर 41 हजार. अडीच लाख फिटायला सहा वर्षं. गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर घ्या. चार वर्षांत बदलायची सवय असेल तर पैशांसाठी घेऊ नका.

एक सावधगिरी. मला एका शोरूममध्ये सेल्समनने माइल्डवालीच ‘हायब्रिड आहे सर’ म्हणून दाखवली होती. मारुतीची ‘स्मार्ट हायब्रिड’ आणि टोयोटाची ‘निओ ड्राइव्ह’ या माइल्ड. त्यांतली छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते, पण नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. कोटेशनवर ‘स्ट्राँग हायब्रिड’ (नुसत्या विजेवरही चालणारी) किंवा तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं आहे ना, ते बघूनच टोकन द्या.

केरी सत्तरी

घाटाबद्दल मी सांगतो, घाट माझ्या दारातूनच चढतो.

चढताना आवाज येणारच. ई-सीव्हीटीमध्ये नेहमीसारखे गिअर नाहीत. जोर लागला की इंजिन वरच्या फेऱ्यांवर जाऊन तिथेच थांबतं. गाडीला काही झालेलं नसतं. पाय थोडा हलका ठेवला तर आवाजही उतरतो. चार माणसं आणि सामान असेल तर ओव्हरटेकला घाई करू नका.

उतरतानाची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी दोनशे मीटर खाली आली की सुमारे 0.8 युनिट ऊर्जा सुटते. बॅटरी आहेच 0.76 ची. सगळी ऊर्जा पकडता येत नाही हे खरं, पण बॅटरीही माथ्यावर रिकामी नसते. म्हणजे घाट अर्धा उरलेला असतानाच ती भरते. त्यानंतर ब्रेकचं सगळं ओझं पॅडवर. तेव्हा उताराला लागल्याबरोबर लिव्हर ‘बी’वर घ्या, इंजिन गाडीला धरून ठेवतं. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनचा आवाज वाढेल, घाबरू नका. पावसात धुकं दाटतं आणि वळणावर समोर ट्रक येतो, तेव्हा तापलेले ब्रेक कुणालाच नको असतात. आई सोबत असणार म्हणून मुद्दाम सांगतोय.

फोंड्याचा काका

बाय, माझं मत थोडं वेगळं. पेट्रोल वाचलं हे एका बाजूला ठेव, गाडी उभी कुठे राहणार ते आधी सांग. उघड्यावर, झाडाखाली असेल तर पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये शिरतात. साध्या गाडीची वायर कुरतडली तर फोंड्यातला कुठलाही इलेक्ट्रिशियन जोडून देतो. हायब्रिडमध्ये नारिंगी रंगाच्या जाड केबल असतात, त्या हाय व्होल्टेजच्या. त्याला रस्त्यावरच्या माणसाने हात लावायचा नाही. काम कंपनीच्या वर्कशॉपलाच जाणार आणि बिलही तसंच येणार. पाण्याचंही तेच. बॅटरी डिकीच्या तळाशी असते. पाणी साचलेल्या रस्त्यात केबिनमध्ये पाणी आलं तर साध्या गाडीत कार्पेट वाळवून भागतं, इथे भागत नाही. इन्शुरन्सला इंजिनच्या कव्हरबरोबर हायब्रिड बॅटरीचंही कव्हर आहे का ते विचार.

चांगलं ते चांगलं म्हणतो. टोयोटाच्या या पद्धतीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, आणि ब्रेक पॅड कमी झिजतात. बिघडायच्या तीन गोष्टी मुळातच काढून टाकल्या आहेत. जपानात प्रियस 1997 पासून रस्त्यावर आहे, म्हणजे हे तंत्र कालचं नव्हे. मोठ्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर तीच उतरते आणि मग एवढी मोठी बॅटरी असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. रोज चालवणाराला हा त्रास नाही.

साखळी ते पाटो

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, गाडी स्टिल्टखाली राहते, जागा उंचावर आहे, पाणी येत नाही. उंदीर मात्र आहेत, आताच्या गाडीची वायर एकदा कुरतडून झाली आहे.

केरीच्या दादांनी घाटाचं जे सांगितलं ते शोरूममध्ये एकानेही सांगितलं नव्हतं. ‘बी’ कशासाठी विचारलं तर ‘ते लागत नाही मॅडम’ असं उत्तर मिळालं. अशा उत्तराचा मला राग येतो. डोंगरात राहणाऱ्या माणसांना गाडी विकताना हे आधी सांगायला हवं.

वेर्ण्याच्या दादांना एक विचारायचं होतं. थोडं थांबावं का? अजून छोटी हायब्रिड आली तर?

म्हापसा–वेर्णा

ताई, कराचं (जीएसटीचं) गणित असं. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल हायब्रिड 18 टक्क्यांत बसते. तुम्ही बघताय त्या 1.5 लिटरच्या गाड्या 40 टक्क्यांत. आधी 43 होते, म्हणजे उतरले ते थोडेच. इलेक्ट्रिकला 5. त्यामुळे छोटी स्ट्राँग हायब्रिड आली तर किमतीत बरीच खाली असेल हे बरोबर. पण तुमचा गुडघा आज दुखतोय आणि पणजीची गर्दी आजच आहे. मी थांबलो नसतो.

बॅटरी थंड ठेवायला गाडी केबिनमधली हवा ओढते. त्या हवेची जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीलाच दाखवून घ्या आणि तिच्यावर पिशव्या टाकू नका. आपल्याकडच्या लाल धुळीत सर्व्हिसला दर वेळी ती साफ करायला सांगा. उंदरांसाठी बोनेटखाली जाळी बसवता येते, पण ती वर्कशॉपमधूनच बसवा, बाहेर कुणी वायर कापून काही जोडलं तर वॉरंटीचा वाद होतो.

साखळी ते पाटो

ठरलं. हायब्रिडच, पण वरचं मॉडेल नाही. सनरूफ आणि मोठा स्क्रीन सोडला तर फरक बराच कमी होतो आणि सहा वर्षांचे पाच होतात. यंत्र तर तेच. शनिवारी आईला घेऊन परत टेस्ट ड्राइव्हला जाणार आहे. पणजीत गोल फिरवून आणणारी ड्राइव्ह नको, केरीच्या पुढे घाटात नेऊ द्या, असं सांगितलंय. आधी नाही म्हणाले, मग तयार झाले. मागच्या सीटवर आईला तास-दीड तास नीट बसता आलं की टोकन देईन. चवथीच्या सामानासाठी वर कॅरिअर बसवता येतो का, तेही तिथेच विचारते. कुणी बसवला असेल तर शनिवारच्या आत सांगा.