दृष्टिहीन श्रोत्याला मैफलीला नेताना काय काळजी घ्यावी?

विचारणा (इंदिरानगर)
काचबिंदूमुळे माझ्या वडिलांची दृष्टी पूर्ण गेली आहे. गाणे मात्र त्यांचा जीव की प्राण. मागे एका सभागृहात स्वयंसेवकाने त्यांचा दंड धरून त्यांना अक्षरशः पुढे लोटत नेले आणि 'कोणाला लागेल' म्हणून पांढरी काठी काढून घेतली. मध्यंतरात मी चहा आणायला गेलो, तेवढा वेळ ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसून होते. आता त्यांना नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेच्या मैफलीला जायचे आहे. आयोजकांना नेमके काय सांगावे?

उत्तर १ (पंचवटी)
मी स्वतः दृष्टिहीन असून गाणे शिकवते. स्वयंसेवकाने आपले कोपर पुढे करावे, ते धरून आपण अर्धे पाऊल मागून चालावे आणि पायरी येण्याआधीच 'एक पायरी वर' असे त्याने सांगावे, एवढे पुरते. काठी कोणी मागितली तरी देऊ नये. घडीची काठी खुर्चीखाली सहज मावते. जागा रांगेच्या कडेची घ्यावी, पण स्पीकरच्या समोरची नको, कारण ज्या बारीक आवाजांवरून आम्ही दिशा ओळखतो ते सगळे त्यात बुडून जातात. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेल्या थोर गायक पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचा आश्रम याच पंचवटीत होता. त्या गावात हे सांगावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर २ (सिडको)
अडचण तिकिटापासूनच सुरू होते. आसनांचा नकाशा केवळ रंगांत असला, तर मोबाइलमधील स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) प्रत्येक खुर्चीला नुसते 'बटण' म्हणतो. म्हणून फोनवरून आसन राखण्याची सोय मागावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ नुसार सांस्कृतिक जीवनातील सहभागासाठी उपाय योजणे हे स्थानिक प्राधिकरणांचेही कर्तव्य आहे; त्यामुळे कालिदास कलामंदिरासारख्या महापालिकेच्या नाट्यगृहासाठी तसा लेखी अर्ज अवश्य करावा. शिवाय 'डावीकडे तबला, उजवीकडे संवादिनी, मागे दोन तानपुरे' हे निवेदकाने आरंभीच सांगितले, तर कोणाचाच वेळ जात नाही.

विचारणाऱ्याचे उत्तर
मनःपूर्वक आभार. हे सारे वडिलांना वाचून दाखवले. निवेदकाची सूचना त्यांना फार आवडली. मात्र आलाप सुरू झाल्यावर कोणीही कानाशी वर्णन करू नये, अशी त्यांची अट आहे. पाडव्याच्या आधी एका दुपारी, गर्दी नसताना, त्यांना पारापर्यंत चालवून आणणार आहे.