मदत हवी आहे: आर्थिक गुन्ह्यांच्या वकिलीत कसं शिरायचं?

दारव्ह्याचा_वकील: तालुक्याच्या कोर्टात बसतो. वाटणीचे दावे, कलम १३८ चे चेक बाउन्स, अधूनमधून दारूच्या केसेस. कंटाळलो. मले मनी लाँड्रिंग (काळा पैसा पांढरा करणं), सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, पतसंस्था यातलं काम पाहिजे. सिनियरले विचारलं तर म्हणते आधी पुढची तारीख घेऊन ये. कोर्स करू का परीक्षा देऊ? लवकर सांगा, फॉर्मची तारीख निघून जाते.

कापूसकोंडा: कोणत्या फॉर्मची? वय किती, वकिलीची सनद कवाची, कॅटेगरी कोणती? काहीच सांगत नाही अन् म्हणे लवकर सांगा.

नागपूरकर७: सेबीची ग्रेड ए लीगल ऑफिसरची परीक्षा दे सरळ. एलएलबी चालते. पगार, क्वार्टर, सगळं.

दारव्ह्याचा_वकील: वय ३१. सनदेले चार वर्षं झाली.

कापूसकोंडा: घ्या! सेबीची मर्यादा ३० आहे. ओबीसी नॉन क्रीमिलेअर असशील तर ३ वर्षं सूट, म्हणून कॅटेगरी विचारली. रिझर्व्ह बँकेची लीगल ऑफिसर ग्रेड बी पाहा, तिथं ३२ पर्यंत चालते, पण वकिलीची किमान २ वर्षं अन् एलएलबीले ५०% लागतात.

नागपूरकर७: ईडीचा असिस्टंट एन्फोर्समेंट ऑफिसर तर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतून होते, वकिली लागतच नाही.

कापूसकोंडा: तिथंही ३० च आहे बावा. अन् त्याले वकील राहायचं आहे.

वणीवाली_ताई: मी काय म्हणते, परीक्षेच्या नादी काहून लागता? एमपीआयडी, म्हणजे १९९९ चा ठेवीदारांचा कायदा, शिका. पैसे बुडवणाऱ्या संस्थेच्या मालमत्तेच्या जप्तीचं नोटिफिकेशन सरकार काढते, सक्षम प्राधिकारी निदान उपजिल्हाधिकारी दर्जाचा असते, मग सेशन जजसमोर ती जप्ती कायम करायची. ठेवीदारांकडून उभं राहायले वकील मिळत नाही, कारण काम कागदांचं आहे. माझ्याकडे एका आजीची पावती होती, नाव तिचं, सही पुतण्याची, पासबुकात मधलं पानच नाही, अन् संस्थेचा मॅनेजर शपथपत्रात म्हणे आम्ही व्याज दिलं. अशा पावत्या जुळवत बसायची तयारी पाहिजे.

सात_बारा: ताई, आमच्या मामीचे पैसे मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थेत अडकले आहेत, कुठं जावं?

वणीवाली_ताई: मल्टिस्टेटचा रजिस्ट्रार दिल्लीले. पण फसवणूक असेल तर आधी इथंच पोलिसात फिर्याद द्या, पावत्यांच्या झेरॉक्ससह. बाकी वेगळ्या धाग्यात विचारा.

नागपूरकर७: ठेवीदार फी कुठून देणार? बँकेत कंप्लायन्सले, म्हणजे नियमपालनाच्या विभागात जा, केवायसी, संशयास्पद व्यवहाराचे रिपोर्ट केंद्राच्या एफआययूले (आर्थिक गुप्तवार्ता विभाग) पाठवायचे. महिन्याले पगार.

कापूसकोंडा: पूर्णवेळ नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते, तेही सांग ना.

जेएमएफसी_ध्यास: भाऊ जज व्हा. ३ वर्षांची प्रॅक्टिस अट परत आली आहे, तुमची तर झाली.

दारव्ह्याचा_वकील: जज कोणी विचारलं? ओबीसी आहे, नॉन क्रीमिलेअर सर्टिफिकेट मात्र जुनं झालं. मार्क ५४%. ताई, तुमच्या एमपीआयडीच्या तारखेले येऊन बसलो तर चालेल का? फी नको, फाईल दाखवा फक्त.

वणीवाली_ताई: या. सर्टिफिकेट आधी नवं करून घ्या, तहसीलमध्ये वेळ लागते. सेबीचा फॉर्म निघाला तर तोही भरून टाका.

सात_बारा: अन् मामीचं?