रात्री ११८, सकाळी १५६! मधल्या वेळात खातंय कोण?

मुलुंडची_मावशी
नमस्कार मंडळी. वय ५४, मधुमेहाला तीन वर्षं झाली, गोळी फक्त मेटफॉर्मिनची. दहा दिवस घरीच रक्तातली साखर मोजून वहीत लिहितेय. झोपताना ११८, १२२, ११५. उठल्यावर १५६, १६१, १४९. मधे पाण्याचा घोटसुद्धा नाही! आमचे हे म्हणतात, "लाडवांचा डबा कुठे ठेवतेस ते सांग." म्हणून रात्रीची पोळी बंद केली, नुसतं ताक प्यायले. दुसऱ्या दिवशी १६४.

नळाला पाणी पावणेपाचला येतं, म्हणून साडेचारला उठते. पाणी भरायचं, डबे करायचे, चहाबरोबर दोन मारी खायची आणि सात अडतीसची लोकल पकडायची. साडेदहाला कॅन्टीनचे पोहे. रात्री जेवायला दहा वाजतात. चुकतंय कुठे?

लालबागचा_काका
ताई, डबा निर्दोष आहे. चोर तुमचं यकृत. पहाटे तीन-चारपासून आठपर्यंत शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉल वगैरे हार्मोन्स वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. होतं सगळ्यांचंच, पण धडधाकट माणसाचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन लगेच पुरवतं. आपलं पुरवत नाही. डॉक्टर याला डॉन फिनॉमिनन म्हणतात, डॉन म्हणजे पहाट. (आम्ही लालबागवाले, आम्हाला दुसराच डॉन आठवतो.)

म्हणून ताकावर झोपून काही होत नाही. मीही ते करून बसलोय. बस चालवायचो, पहाटेची पहिली पाळी, पोटात फक्त साखरेचा चहा. साडेनऊपर्यंत आकडा चढताच. आता सोळा वर्षांनी शहाणा झालोय. उठल्यावर तासाभरात मूगडाळीचं घावन, नाहीतर मटकीची उसळ आणि एक अंडं. चहा बिनसाखरेचा.

पोह्यांचं म्हणाल तर, तेवढीच बशी सकाळी खाऊन दोन तासांनी मोजलं तर २२८, संध्याकाळी खाऊन १८१. सकाळी शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. पोहे सोडवत नसतील तर मूठभर घ्या, शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी सढळ हाताने घाला. मी तरी पोहे रविवारपुरतेच ठेवलेत, तेही बायको बघत नसताना.

आहारवाली_पार्ले
काकांचं पटलं, पण आधी दोन-तीन रात्री पहाटे तीनचा आकडा घ्या. तेव्हा साखर फार उतरलेली असेल, म्हणजे ७० च्या खाली, तर सकाळची वाढ ही त्यावरची उसळी असू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी गोळी) घेणाऱ्यांनी हे नक्की तपासावं, नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचित होतं. तीनलाच चढलेली असेल तर रात्री दहाचं जेवण बघा. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, गच्चीतही चालेल. वही डॉक्टरांना दाखवा, गोळी मनाने वाढवू नका.

मुलुंडची_मावशी
तीन आठवड्यांनी लिहितेय. तीनचा गजर लावला, हे दोनदा ओरडले. आकडे ११६ आणि ११९. म्हणजे यकृतच!

पाच वाजता ऑफिसात फुटाणे खाते, त्यामुळे घरी आल्या आल्या पोळी-भाजी करून पावणेनऊला जेवता येतं. पोळी परत सुरू केलीय, दोनच. मारी बंद. घावन करते ते पाणी भरता भरता, एक तिथेच उभ्याने खाते. डब्यातली दोन मात्र घाटकोपरच्या पुढे जात नाहीत, चौथ्या सीटवरच्या दोघींना हिरवी चटणी फार आवडली.

आता सकाळी १३८, १३४, एकदा १२९. डॉक्टरांनी उपाशीपोटी ८० ते १३० सांगितलंय, म्हणजे अजून थोडं बाकी आहे. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली.

आणि काका, काल गंमत म्हणून यांचं बोट टोचलं. यांना मधुमेह नाही म्हणे. उपाशीपोटी १३१! सोमवारी दोघं लॅबमध्ये जातोय. लाडवांचा डबा सध्या शेजारी ठेवलाय.