१/२४ मध्ये एचएफ-२४ मारुत स्क्रॅचमधून: फ्यूजलाजची (विमानाच्या धडाची) कंबर कशी काढायची?

किट्टू_नाशिक
नमस्कार मंडळी, एअरफिक्स किटमधला १/२४ (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढा) मॉस्किटो हातावेगळा झाला, आता त्याच मापात आपल्या एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) मारुत, म्हणजे लढाऊ जेट, करायचाय. या मापात किट मिळतच नाही म्हणून सगळं प्लास्टिक शीटमधून स्वतःच कापून. खरं विमान १५.८७ मीटर लांब, पंख ९ मीटर, म्हणजे मॉडेल ६६ सेंमी लांब आणि साडेसदतीस सेंमी रुंद होईल. कुर्ट टँकचं डिझाइन, १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण, १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर लढलं, असं विमान मोठ्या मापात कपाटात असायलाच हवं असं मला फार वाटतं.
अडचण अशी की एरिया रूलमुळे (मोठ्या वेगात हवेचा अडथळा कमी करायचा नियम) फ्यूजलाज पंखांपाशी आत दबलंय. हिप्स (प्लास्टिक) शीट एका दिशेने मस्त वळते पण दोन्हीकडून वळवायला गेलं की सुरकुती येते नाहीतर दोन फ्रेमच्या (धडाच्या आडव्या छेदाच्या पट्ट्या) मधे खड्डा पडतो. अख्खं लाकडात कोरू का?

सुतारपक्षी
अख्खं लाकूड नको रे, वजन वाढेल आणि कॉकपिट, इनटेक (इंजिनाला हवा घेणारी तोंडं) पोखरता पोखरता नाकी नऊ येतील. साइड व्ह्यूच्या आकाराची २ मिमीची उभी पट्टी काप, तिच्यावर दीड मिमीच्या अर्ध्या फ्रेम गुण्या लावून चिकटव, डावं-उजवं अंग जाड काचेवर वेगवेगळं बांध म्हणजे पीळ पडणार नाही. गोलाई एकाच दिशेने असेल तिथे शीट मढव. कंबर, नाक आणि कॅनॉपीमागची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणामागची) पाठ इथे मात्र शीटचा नादच सोड, फ्रेम जवळजवळ लाव आणि मधल्या खणांत बाल्साचे ठोकळे घट्ट बसव.
आता महत्त्वाचं. ठोकळे बसवायच्या आधी प्रत्येक फ्रेमच्या कडेला काळा मार्कर फिरव. कानशीने, मग पॉलिश पेपरने बाल्सा उतरवत आणायचा आणि काळी रेघ दिसायला लागली की तिथे थांबायचं, रेघ पुसट झाली म्हणजे आकार गेला. मग बाल्साला पातळ सुपरग्लू पाजायचा, वर गाडीची पुट्टी, ग्रे प्रायमर, आणि ट्यूबलाइट तिरकी धरून बघायचं, सगळे उंचवटे दिसतात. लाकूड सील न करता पावसाळ्यात ठेवू नको, फुगतं आणि फ्रेमच्या रेघा पेंटमधून वर येतात.

बेंगळुरूकर
सुतारपक्षी म्हणतायत ते बरोबर, पण स्किनच्या (वरच्या आवरणाच्या) आधी वजनाचा विचार कर भाऊ. एवढ्या मापात प्लास्टिकचे पाय काही महिन्यांत फाकतात. पितळी नळीचा स्पार (पंखाचा आतला कणा) एका पंखातून दुसऱ्या पंखापर्यंत फ्यूजलाजच्या फ्रेममधून आरपार घे, चाकांचे पायसुद्धा पितळेचे आणि त्यांची मुळं त्या स्पारलाच सोल्डर कर. शेपटी जड होणार, म्हणून नाकात शिसं घालायची जागा आत्ताच ठेव.
दोन्ही ऑर्फियस इंजिनांच्या शेजारशेजारच्या नळ्या आणि इनटेकमधले अर्धे शंकू अंग जोडायच्या आधीच आतून रंगवून बसव, नंतर ब्रश पोचत नाही.

मापवाली_ताई
मला विचाराल तर सगळ्यात आधी ड्रॉइंग तपासा. वेगवेगळ्या ड्रॉइंगमध्ये कंबर वेगवेगळी दिसते, आणि ६६ सेंमीच्या मॉडेलवर २ मिमीची चूकसुद्धा लगेच डोळ्यात खुपते. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये खरा मारुत आहे, नाशिकहून जाऊन या. फोटो जवळून काढू नका, लांब उभं राहून झूम करा नाहीतर नाक फुगलेलं येतं. प्रत्येक फोटोत चाक येऊ द्या, चाकाचा व्यास कळला की बाकीची मापं त्यावरून काढता येतात. रंगावर मात्र विसंबू नका, मांडून ठेवलेली विमानं पुन्हापुन्हा रंगवलेली असतात, रंगासाठी जुने स्क्वाड्रनचे फोटोच बघा.

किट्टू_नाशिक
ताई, सुतारदादा, बेंगळुरूकर, खूप आभार. वरळीला जाऊनच फ्रेम कापतो. कॅनॉपी कशी करू?

सुतारपक्षी
सागवानाचा साचा, खऱ्या मापापेक्षा शीटच्या जाडीएवढा बारीक आणि खाली दोन सेंमी जास्त उंच. लाकडाचे रेषे राहिले तर काचेत उमटतात म्हणून रेझिन लावून आरशासारखा पॉलिश कर. १ मिमी पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिक) शीट चौकटीला क्लिपा लावून हीटगनने सगळीकडून सारखी गरम कर, मधे लोंबली की साच्यावर एका दमात खाली ओढ. तीन-चार काढ आणि त्यातली स्वच्छ ती घे.